हलक्या पिशवीचं वजन

प्रवासाला कमीत कमी सामान न्यावं, असं छातीठोकपणे सांगणारी जी जी माणसं मी पाहिली, ती सगळी कुणाच्या तरी मोठ्या बॅगेशेजारी बसलेली होती. आमचे धाकटे भावजी त्यांतले अग्रणी. तंजावरला जायचं ठरलं, तेव्हा हे पाठीवर एक सॅक टाकून पुणे स्टेशनवर उभे. हात मोकळे, चेहऱ्यावर विरक्ती. आमच्या बॅगा, डब्यांची पिशवी आणि वळकटी बघून म्हणाले, "वहिनी, घरात काही ठेवलंय की नाही?" मी गप्प बसले. सोलापूर यायच्या आत त्यांना चार्जर लागला, वाडीच्या अलीकडे चमचा लागला आणि रात्री पांघरूण. तिन्ही गोष्टी त्यांनी अशा सहजतेने मागून घेतल्या, की जणू त्यांच्याच होत्या आणि माझ्याकडे नुसत्या सांभाळायला दिल्या होत्या. स्लीपरच्या प्रवाशाला रेल्वे ४० किलो सामान फुकट नेऊ देते. भावजींच्या वाट्याचे उरलेले पस्तीसेक किलो कुठे गेले, याचा हिशेब माझ्या खांद्याला ठाऊक आहे.

त्यांचं शास्त्र असं की शर्ट दोनच न्यायचे. एक अंगात, एक दोरीवर. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. हे शास्त्र ज्याने कुणी मांडलं तो नोव्हेंबरात कावेरीकाठी आलेला नसावा. आपला पाऊस परतला की इथला, ईशान्येकडचा, सुरू होतो. कुंभकोणमच्या लॉजच्या खिडकीच्या गजाला भावजींचा निळा शर्ट तीन दिवस लटकत होता. पहिल्या दिवशी ओला, दुसऱ्या दिवशी ओला आणि वास येणारा, तिसऱ्या दिवशी नुसता वासच. दोरी माझी, चिमटे माझे. तिसऱ्या दिवशी ते ह्यांचा चौकड्यांचा शर्ट घालून दारासुरमचं देऊळ बघायला आले आणि तिथेही एका जर्मन पर्यटकाला दोन शर्टांचं शास्त्र समजावून सांगत होते.

माझ्या बॅगेत काय असतं ते सांगायला मला लाज वाटत नाही. मेतकूट, आल्याच्या वड्या, सुईदोरा, पोटाच्या गोळ्या, जुन्या साडीचे धुतलेले फडके आणि सासूबाईंचा फिरकीचा तांब्या. हा तांब्या मी पाण्यासाठी नेत नाही, पाणी बाटलीत मिळतंच. पण तो घरी राहिला की मला करमत नाही. शिवाय आमसुलं. यावर भावजी हसतात, पण तंजावरात तरी हसू नये. सांबाराची कथा प्रसिद्ध आहे. म्हणे, तंजावरच्या मराठी राजाच्या मुदपाकखान्यात आमटीला आमसूल संपलं, कुणीतरी चिंच घातली आणि पाहुण्या संभाजीराजांच्या नावाने ती आमटी सांबार झाली. पुरावा काही नाही आणि इतिहासकार तिला फारसं मनावर घेत नाहीत. मी मात्र घेते. त्या पाहुण्यांच्या ताफ्यात माझ्यासारखी एक जरी बाई असती, तर सांबार जन्मालाच आलं नसतं. जास्त सामान नेण्याचे तोटे नाहीत असं मी म्हणत नाही.

पण गंमत अशी की कमी सामान नेणाऱ्यांचं खरं राज्य एकेकाळी याच मुलखात होतं. काशीहून रामेश्वरला निघालेला यात्रेकरू हा माझ्या मते जगातला सर्वांत हलका प्रवासी. खांद्यावर गंगाजळाची कावड, कमरेला एखादं गाठोडं आणि पुढे महिनोन्‌महिने चाल. परतताना म्हणे ओझं कमी व्हायला हवं, तर सेतूजवळची वाळू घ्यायची आणि ती उत्तरेत गंगेला नेऊन घालायची. वाळूच, आणि तीही पायी. आपल्या नाथांनी कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, त्यातल्या भूतदयेविषयी मला पूर्ण आदर आहे. पण कावड वाहून खांदा सोलवटलेल्या सोबत्यांनी त्या क्षणी नेमकं काय म्हटलं असेल, हेही मला ऐकायला आवडलं असतं.

हा यात्रेकरू इतका हलका कसा चालू शकत होता? तांदूळ नाही, भांडं नाही, औषध नाही. त्याचं उत्तर तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याला लागलं की मिळतं. या वाटेवर आणि आसपास तंजावरच्या भोसले राजांनी छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, बांधली, बहुतेक घराण्यातल्या स्त्रियांच्या नावाने. नीडामंगलमला यमुनांबाळ छत्र, ओरत्तनाडूला १८०२ सालचं मुक्तांबाळ छत्र. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला आणि आजूबाजूचा थोडा मुलूख उरला. तेव्हा या माणसाने हट्ट कशासाठी धरला, तर छत्रांसाठी. १८०१ साली त्यांनी कंपनीला लिहिलेलं एक पत्र आहे, त्यात छत्रांत काय चालतं याचं वर्णन आहे. ब्राह्मणापासून अगदी शेवटच्या जातीपर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, सगळ्यांना शिजवलेला भात. ज्यांना शिजवलेला चालत नाही त्यांना कोरडा शिधा. आजारी पडलेल्याला वैद्य आणि पथ्याचं जेवण. पोरक्या मुलांना दूध. वाटेतच कुणी गेला, तर त्याच्या धर्माप्रमाणे शेवटचे विधी. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, कुणी उपाशी असेल त्याने यावं.

ओरत्तनाडूला आम्ही पोचलो तेव्हा पाऊस थांबून चिकचिक झाली होती. भावजींनी मुक्तांबाळ छत्राकडे बघितलं आणि म्हणाले, "बघा. हेच मी सांगतोय. रस्त्यावर सगळं मिळतं, घरून कशाला न्यायचं?"

मिळतं खरं. पण ते तिथे कुणीतरी आधी आणून ठेवलेलं असतं. त्या मध्यरात्रीच्या भाताचा तांदूळ छत्राला लावून दिलेल्या गावांतून यायचा, आणि ती गावं पिकायची ती या सपाट, पाणथळ जमिनीमुळे. कोडगूच्या डोंगरात निघालेली कावेरी गाळ घेऊन येते, इथे पोचली की फाट्या फाट्यांनी पांगते आणि आणलेलं सगळं उतरवून ठेवते. पुंपुहारला समुद्राला मिळते तेव्हा ती इतकी बारीक असते की हीच का ती, असं वाटावं. त्या गाळावर कुणीतरी गुडघाभर चिखलात वाकून रोप लावतं. आम्ही जाताना दोन्ही बाजूंना सांबा भात उभा होता आणि बांधावरून एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती. बैराग्याची झोळी रिकामी राहावी म्हणून असे किती भारे निघत असतील!

आपल्या वारीतही मला हेच दिसतं. वारकरी बघा, खांद्यावर पताका, गळ्यात वीणा नाहीतर हातात टाळ. चित्र फार सुंदर. पण दिंडीमागून तिचा ट्रक येतो, त्यात तंबू, पातेली, पिठाची पोती आणि वारकऱ्यांच्या वळकट्या. छायाचित्रात ट्रक येत नाही एवढंच.

सरफोजीराजांचं पुढे काय झालं ते तर माझ्या फारच आवडीचं आहे. इतरांना हाती काही न घेता चालता यावं म्हणून धडपडणारा हा राजा १८२० साली स्वतः काशीला निघाला आणि १८२२ मध्ये परतला. सोबत किती माणसं? सुमारे तीन हजार. शस्त्रक्रियेच्या हत्यारांची पेटी ते जातील तिथे नेत असत असं सांगतात; डोळ्यांच्या उपचारांची त्यांना मोठीच आवड होती. मग काशीला निघताना ती मागे राहिली असेल कशी? वाटेत दानधर्म केला, पंडित लावून पोथ्या विकत घेतल्या, ज्या विकत मिळेनात त्या उतरवून घेतल्या, काशीच्या घाटांची चित्रं काढून घेतली. म्हणजे जाताना जेवढं, त्याहून येताना जास्त. मोडीत या यात्रेची दफ्तरं आहेत, तिच्यावर मराठीत लावण्यासुद्धा रचल्या गेल्या. आज सरस्वती महाल ग्रंथालयात लोक ज्या पोथ्यांपुढे हात जोडतात, त्यांतल्या कितीतरी कुणा राजाने बॅग आवरती घेतली असती तर उत्तरेतच राहिल्या असत्या.

हे मी भावजींना तिथेच, ग्रंथालयाच्या दारात ऐकवलं. ते म्हणाले, "अहो वहिनी, तो राजा. तीन हजारांत उचलणारेच हजार असतील." मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी पावसाचा विषय काढला.

मग त्यांनी संतसंगीतकार त्यागराज काढले. आम्ही तिरुवैयारूला समाधीपाशी बसलो होतो, समोर कावेरी. "हे बघा," ते म्हणाले, "दारोदार भजन म्हणत जायचं, मिळेल तेवढा तांदूळ घ्यायचा, उद्याचं उद्या. राजाने बोलावलं तरी गेले नाहीत म्हणतात." हेही खरंच. उंछवृत्तीने राहणाऱ्या त्यागराजांपुढे माझी मेतकुटाची बरणी मलाच अवघड वाटायला लागली. पण त्यागराजांचीही एक कथा आहे, ती भावजींना ठाऊक नव्हती. म्हातारपणी ते उत्तरेकडच्या क्षेत्रांना गेले, तेव्हा कोवूरच्या सुंदरेश मुदलियारांनी त्यांना देऊ केलेलं धन त्यांनी नाकारलं. मग मुदलियारांनी काय करावं? हजार मोहरा गुपचूप त्यांच्या पालखीत दडवल्या आणि शिष्यांना सांगितलं, रामनवमीच्या उत्सवाला उपयोगी पडतील. वाटेत चोर आले. शिष्य घाबरले, कारण पालखीत काय आहे ते त्यांनाच माहीत होतं. त्यागराजांना वाटलं, आपल्यापाशी आहे काय चोरायला? पुढे दोन धनुर्धारी तरुण पालखीची राखण करताना चोरांनाच दिसले आणि ते शरण आले, अशी ती आख्यायिका. राम-लक्ष्मणांबद्दल मला शंका नाही. पण मला त्यात ओळखीचे वाटतात ते मुदलियार. आमच्या आत्या निघताना नको नको म्हणत असताना पिशवीच्या तळाशी लाडवांचा डबा सारतात, तो अगदी याच हाताने. आणि ज्याच्या पालखीत हजार मोहरा आहेत तो हलका प्रवासी कसा? त्याचं ओझं भोयांनी उचललं आणि काळजी शिष्यांनी.

भावजी जरा वेळ नदीकडे बघत बसले. मग म्हणाले, "लाडू आहेत का अजून?"

निघायच्या दिवशी आम्ही नाच्चियारकोविलला गेलो. तिथले पितळी दिवे प्रसिद्ध आहेत, शेंड्यावर हंस असलेले. ह्यांना आणि मला नुसते बघायचे होते. भावजींना घ्यायचा होता. दोन फुटी, भरीव, एका हाताने उचलेना असा. दुकानदाराने तो फिरकी फिरकीने सोडवला: बैठक वेगळी, दांडा वेगळा, तेलाची वाटी वेगळी, हंस वेगळा. सगळे तुकडे भावजींच्या सॅकसमोर मांडले गेले आणि सगळ्यांनी मिळून माझ्या बॅगेकडे पाहिलं. बैठक साड्यांमध्ये गेली, वाटीत मेतकुटाची बरणी बसली, दांडा तांब्याला लागून आडवा. हंसाची मान नाजूक, म्हणून फडक्यात गुंडाळून आमसुलांच्या पिशवीवर. भावजी प्रसन्न. "माझ्या सॅकची चेनसुद्धा उघडावी लागली नाही," म्हणाले.

रात्री तंजावर स्टेशनवर गाडी पलीकडच्या फलाटाला लागणार होती आणि हमाल कुठे दिसेना. ह्यांच्या दोन्ही हातांत डबे आणि वळकटी, माझ्या खांद्यावर पिशव्या.

"भावजी," मी म्हटलं, "तुमचे हात मोकळे आहेत ना?"

पुलाच्या मधल्या टप्प्यावर त्यांनी बॅग खाली टेकवली, कपाळ पुसलं आणि विचारलं, "वहिनी, खरं सांगा, दिवा सोडून यात आणखी काय काय आहे?"

"तुमचा ओला शर्ट," मी म्हटलं.