विद्यार्थ्यांना जागा देणे नाही

आमच्या सोसायटीच्या फाटकावर तीन पाट्या आहेत. पहिली, ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ दुसरी, ‘विक्रेत्यांनी जिना चढू नये.’ तिसरी मी सेक्रेटरी झाल्यावर स्वतः उभं राहून रंगवून घेतली, ‘विद्यार्थ्यांना जागा देणे नाही.’ कोथरूडमध्ये ही पाटी नसलेली सोसायटी म्हणजे शेंडी नसलेला नारळ.

तरीही बी-७ च्या मालकांनी बेंगळुरूला जाताना तीन पोरं ठेवलीच. एक आर्किटेक्चरचा, एक फिल्म एडिटिंग शिकणारा आणि एक एमपीएससीवाला. मग मी हत्यारं परजली. करार नोंदवला का? पोलीस व्हेरिफिकेशन झालं का? बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, हे बंधन मी जड अंतःकरणाने पाळलं. भिंतीत खिळा नाही, रात्री दहानंतर पाहुणा नाही, पोटभाडेकरू तर मुळीच नाही. त्यांचा अकरा महिन्यांचा करार मी त्यांच्यापेक्षा जास्त वेळा वाचला आहे.

यंदा आमच्या गणपतीला २५ वर्षं झाली, म्हणून फिल्म करायचं ठरलं. चित्रण तयारच होतं, १४ सभासदांच्या मोबाइलमध्ये. त्यातलं बरंचसं खजिनदारांच्या अंगठ्याचं. एका फोटो स्टुडिओने एडिटिंगचे ३५ हजार सांगितले, तेव्हा आमच्या सभेत कधी नव्हे ती शांतता पसरली. मी म्हणालो, ‘त्यात काय, मी करतो.’ सॉफ्टवेअरसाठी पाच हजार मंजूर झाले, ‘पावती आणावी’ या अटीवर.

रात्री संगणकापुढे बसलो. चांगल्यापैकी एका सॉफ्टवेअरचा भाव पाहिला, तर तो दरमहाचा निघाला. म्हणजे विक्री नव्हेच, भाडं. मात्र शेजारीच दुसरा भाव होता, ‘विद्यार्थी व शिक्षक’. निम्म्याहून कमी! सवलत दिसली की आपल्या माणसाचं वय हलू लागतं. एसटीत पंच्याहत्तरीपुढे फुकट प्रवास म्हटल्यावर बहात्तरीचे गृहस्थ आधार कार्डाकडे आशेने बघतात. मी एकसष्टाव्या वर्षी विद्यार्थी झालो.

‘शिक्षणसंस्थेचं नाव’ या रकान्यात ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावरचा संगणकवर्ग टाकला. तो नामंजूर झाला. संस्था मान्यताप्राप्त हवी, संस्थेच्या नावाचा ईमेल हवा, नाहीतर ओळखपत्र किंवा फीची ताजी पावती हवी. कोण कुठला परका माणूस, आधी कागद दाखव म्हणतो! मला हा सूर कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. नंतर लक्षात आलं, तो माझाच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बी-७ ची बेल वाजवली. हातात तक्रारवही नव्हती, उकडीचे मोदक होते. दार एमपीएससीवाल्याने उघडलं.

‘काय रे, तू विद्यार्थीच ना?’

‘काका, रोज बारा तास अभ्यासिकेत बसतो, पण कुठल्याच कॉलेजात नाव नाही. कंपनीच्या लेखी मी विद्यार्थी नाही.’ मग मोदक उचलत म्हणाला, ‘तुमच्या पाटीच्या लेखी आहे.’

मी आर्किटेक्चरवाल्याकडे वळलो. तो म्हणाला, ‘काका, शिक्षणाचं लायसन्स म्हणजे सगळीकडे एकच नियम नसतो. आमच्या सरांच्या काळात ऑटोकॅडची विद्यार्थी आवृत्ती होती. तिच्यातून नकाशा छापला की चारही कडांवर शिक्का उमटायचा, हा शैक्षणिक प्रतीवर काढलाय म्हणून. बरं, त्यातला नुसता एक दरवाजा उचलून ऑफिसच्या नकाशात टाकला, तर तो अख्खा नकाशाही तसाच छापला जायचा.’

‘म्हणजे सुतकच की!’

‘आणि तेराव्या दिवशी फिटायचंही नाही. पुढे कंपनीनेच तो शिक्का बंद केला. कमाईच्या कामाला ती आवृत्ती वापरू नये, ही अट मात्र राहिली. उलट अडोबीच्या डबाबंद विद्यार्थी आवृत्तीवर पैसे कमवायलाही मुभा होती. म्हणून नाव वाचून भागत नाही, करार वाचावा लागतो.’

करार वाचायचा असतो, हे मला, सेक्रेटरीला, बी-७ मध्ये शिकवलं जात होतं.

तेवढ्यात फिल्मवाला आतून आला. त्याच्याकडे विद्यार्थी दराचं सॉफ्टवेअर होतं. मी मुद्द्यावर आलो. ‘तुमच्या पिढीचं बरंय रे. कंपन्यांना तुमच्याबद्दल केवढी कणव!’

तो हसला. ‘कणव कसली काका? कॉलेजात बोटांना जे शॉर्टकट बसतात ते जन्मभर सुटत नाहीत. उद्या मी नोकरीला लागलो की माझ्यासाठी ऑफिसला तेच घ्यावं लागेल, पूर्ण भावाने. ॲपलचंच बघा ना. फायनल कट प्रो एकटं २९९.९९ डॉलरला, आणि शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना त्याच्यासकट पाच प्रोग्रॅम मिळून १९९.९९ ला. नुसती भाजी तीनशेला, मेसचं ताट दोनशेला.’

‘मग ताटच घ्यावं माणसाने.’

‘घ्यावं, पण वाढणी बघून. बऱ्याच भाडेयोजनांत सवलतीचा दर पहिल्या वर्षापुरता असतो. वर्ष संपलं की आपोआप नूतनीकरण होतं आणि भाडं चढतं.’

हे मला पटलं. आम्हीही दरवर्षी १० टक्के वाढ सुचवतोच.

‘आणि मध्येच सोडलं तर?’

‘अडोबीच्या एका योजनेचं नाव आहे ‘वार्षिक, हप्ता दरमहा’. माणूस फक्त ‘दरमहा’ वाचतो. १४ दिवसांनंतर रद्द केलं, तर उरलेल्या महिन्यांचे निम्मे पैसे भरायचे. ही अट नीट दिसेल अशी सांगितली नाही, असा आरोप ठेवून अमेरिकेत जून २०२४ मध्ये सरकारने कंपनीवर खटला भरला.’

लॉक-इन पीरियड! त्याच महिन्यात मी ए-३ च्या भाडेकरूची अनामत याच कलमाखाली अडवून धरली होती. मी पाणी मागितलं.

एमपीएससीवाल्याला आता चेव चढला. ‘काका, मुळात ‘लायसन्स’ म्हणजे काय? इंडियन ईझमेंट्स ॲक्ट, १८८२, कलम ५२. दुसऱ्याच्या जागेत काही करायची नुसती परवानगी. मालकी नाही, जागेत हितसंबंध नाही. आमच्या करारात तेच लायसन्स, सॉफ्टवेअरच्या करारातही शब्द तोच. डबा विकत आणला, सीडी कपाटात ठेवली, तरी आतला प्रोग्रॅम कंपनीचाच.’

‘पण पूर्वी एकदा पैसे भरले की कायमचं असायचं.’

‘ती पागडी,’ फिल्मवाला म्हणाला. ‘एकरकमी मोजायचे आणि मुलाबाळांपर्यंत ठाण मांडून बसायचं. अडोबीचं २०१२ चं सीएस ६ ही शेवटची पागडीची खोली. मे २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढची आवृत्ती फक्त मासिक-वार्षिक भाड्याने. अजून काही स्टुडिओवाले ती जुनी खोली सोडत नाहीत. गळते, पण सोडत नाहीत.’

खजिनदारांचा पुतण्या पेनड्राइव्हमध्ये एक ‘क्रॅक’ फुकट देणार होता, तेही मी चाचरत बोलून टाकलं. एमपीएससीवाल्याने डोळे मिटले. ‘कॉपीराइट ॲक्ट, १९५७, कलम ६३ब. चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण दंड होऊ शकतोच.’ डोळे उघडून म्हणाला, ‘आणि काका, पावती कोण देणार?’

पावतीच्या मुद्द्यावर माझी नीतिमत्ता एकदम जागी झाली. शेवटी मी फिल्मवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘तुझंच लायसन्स आठवडाभर माझ्या संगणकावर टाकू. नाव तुझं, काम सोसायटीचं. कोणाला कळणार आहे?’

पोराने अत्यंत आदराने हात जोडले. ‘काका, लायसन्स माझ्या एकट्याच्या नावावर आहे. दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही अशी अट आहे. पोटभाडेकरू चालत नाही.’

त्या घरात मी तोवर असंख्य वेळा गेलो होतो, पण भिंतीकडे न बघता खाली मान घालून बसायची ती पहिलीच वेळ.

त्यांनीच मग मार्ग काढला. दा विंची रिझॉल्व्ह नावाचं सॉफ्टवेअर मेलबर्नच्या ब्लॅकमॅजिक कंपनीने २००९ मध्ये मूळ कंपनीसकट विकत घेतलं. सिनेमाचे रंग दुरुस्त करणारं ते बडं यंत्र पूर्वी फक्त मोठ्या स्टुडिओंना परवडायचं. आता त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते, विद्यार्थी असा वा सेक्रेटरी. पूर्ण आवृत्ती २९५ डॉलरला, तीही एकरकमी. कंपनीचा धंदा कॅमेरे आणि यंत्रं विकण्याचा, त्यामुळे तिला हे उदारपण परवडतं. आमच्या गणपतीला फुकटची आवृत्ती पुरून उरणार होती. अडचण एकच होती. माझा संगणक ते सुरू करताना दम्याच्या रुग्णासारखा घरघरू लागला.

सबब फिल्म बी-७ मध्ये, पोरांच्या लॅपटॉपवर एडिट झाली. चार रात्री मी तिथे पहाटे दोनपर्यंत होतो. दहानंतर पाहुणा नको हा नियम माझाच, पण तक्रार घ्यायची तर सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी तर आतच बसलेले. खजिनदारांचा अंगठा पोरांनी सफाईने कापला. विसर्जनाच्या आदल्या रात्री मंडपात फिल्म लागली, शेवटी ‘विशेष साहाय्य: बी-७’ असंही झळकलं आणि सभासदांनी टाळ्या वाजवल्या. पाच हजार जसेच्या तसे परत केले, तर खजिनदार म्हणाले, ‘खर्च झाला नाही याची पावती आणा.’

फाटकावरची तिसरी पाटी मी काढलेली नाही. परंपरा म्हणून काही असते. फक्त पेंटरला बोलावून तिच्याखाली बारीक अक्षरांत, चष्मा लावला तरच दिसतील असे दोन शब्द रंगवून घेतले आहेत, ‘अटी लागू.’