हयातीचे मास्तर

कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम असते, तसे आता पेठेपेठेला एक आप्पा असतात. सरकारी नोकरांना एमएस-सीआयटी सक्तीची झाली, तेव्हा पगारवाढ अडकू नये म्हणून लेकीच्या वयाच्या मॅडमकडून आप्पा माऊस धरायला शिकले. ते सर्टिफिकेट सोप्यात शाहू महाराजांच्या तसबिरीशेजारी टांगलंय. तसबीर बोटभर खाली आहे, पण हे मी सांगितलं म्हणू नका.

तेव्हापासून पेठेतल्या साठीपुढच्या जनतेला कॉम्प्युटर, मोबाईल आणि व्हॉट्सअ‍ॅप शिकवण्याचा मक्ता आप्पांकडे. शाळा रोज सकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर, फी एक चहा.

"आणा इकडं," इथून तास सुरू होतो. मोबाईल एकदा आप्पांच्या हातात गेला की मालकाला तो लांबूनच बघायचा. "हे दाबलं, हे दाबलं, हे आलं. कळलं न्हवं?"

"व्हय," तात्या म्हणतात.

आठवड्यानं तेच तात्या, तीच अडचण. आप्पा कधी चिडत नाहीत. विद्यार्थी पास झाला तर चहा कोण पाजणार?

खरं शिकवलं ते एकच, फॉरवर्ड. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याला टेकली की एकच मेसेज ग्रुपवर प्रत्येकाकडून येतो. ज्यांच्या दारातून पंचगंगा दिसते, तेही पाठवतात. 43 फूट म्हणजे धोका. मग तर फोन तापून हातात धरवत नाही.

आप्पांचा खरा हंगाम नोव्हेंबर. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी 2014 साली 'जीवन प्रमाण' आलं. आधी बोटांचे ठसे, पुढं मोबाईलला नुसतं तोंड दाखवूनही भागायला लागलं. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते. तात्या एकदा मिटतात ते मिटूनच बसतात.

"उघडा की! सरकारला वाटंल गेलासा!"

"मग पेन्शन?"

"म्हणून तर उघडा म्हणतोय. टोपी काढा. हसू नका, आधारवर कुठं हसलाय?"

गेल्या साली एक काकू नातीकडून शिकून आल्या. "मी घरातच केलो आप्पा, दाखला."

कट्टा गप्प. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल मागून घेतला आणि खालीवर करून बघितला.

"झालाय," ते म्हणाले. "पर एकडाव परत करून घेऊया. बसा."