आम्ही अंडरवाले

निपाणीत नव्या माणसाचं नाव कुणी आधी विचारत नाही. 'हा कुणाच्या अंडर?' एवढं कळलं की पुरतं. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी मालकाच्या अंडर, मुकादम दिवाणजीच्या अंडर, हमाल मुकादमाच्या अंडर. वखारीतलं मांजर तेवढं कुणाच्याच अंडर नाही, म्हणून दुपारचं झोपू शकतं.

इंग्रजांनी या अंडरला दोन कामं लावून दिली आहेत. अंडरग्राउंड, अंडरपास, अंडरपँट यांत तो नुसता 'खाली' असतो. अंडरवेट, अंडरएज, अंडरपेड यांत 'कमी' पडतो. हा भेद आम्हांला शाळेत कुणी शिकवला नाही, पण शिकवायची गरजही नव्हती. हजार विड्या वळून नेल्यावर त्यातल्या मूठभर 'छाट' म्हणून बाजूला काढल्या आणि मजुरीत धरल्या नाहीत, की अंडरपेडचं स्पेलिंग न येणाऱ्या बाईलाही त्याचा अर्थ पाठ होतो. आणि निपाणीचा तंबाखू तर अक्षरशः अंडररेटेड. रेटच मिळत नव्हता! त्यासाठी १९८१ साली शेतकरी, त्यांचे नेते शरद जोशी यांच्याबरोबर, पुणे-बंगळूर हायवेवर जाऊन बसले. पुढं गोळीबार झाला, माणसं गेली. तिथं मात्र थट्टा थांबते.

सगळ्यांत लबाड शब्द अंडरस्टँड. आमच्या वर्गातल्या एकानं सरळ विचारलं होतं, "सर, अंडर म्हणजे खाली, स्टँड म्हणजे उभं. मग खाली उभं राह्यलं की कळतंय व्हय?" सर म्हणाले, "तू आधी बाकावर उभा ऱ्हा, मग कळतंय." पोरगं तासभर बाकावर उभं होतं. कळलं काहीच नाही, पण खिडकीतून पलीकडचं मैदान छान दिसलं म्हणे.

पुढं कधीतरी वाचलं, की या शब्दातला अंडर बहुधा 'खाली'चा नाहीच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'मध्ये' असाही होता. एरवीचा खालचा अंडर मात्र संस्कृतातल्या 'अधर'चा सख्खा भाऊबंद. अधर म्हणजे खालचा. मराठीत येईतो तो हवेत लोंबकळायला लागला. थोडक्यात खाली, मध्ये आणि लोंबकळत, या तिन्ही जागा आमच्या वहिवाटीच्या. निपाणी कर्नाटकात, पण निपाणीचं पोरगं देवचंद कॉलेजला जातं. पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. म्हणजे शिकायला महाराष्ट्रात आणि तास बुडवून सिनेमाला कर्नाटकात.

लॅटिनमध्ये अंडरचं काम 'सब' करतो. तोही आमच्याकडं मुक्कामाला आहे. जमिनीचा दस्त कागलला करा, तर तिथं दुय्यम निबंधक. निपाणीला करा, तर उपनोंदणाधिकारी. लोक दोन्हीकडं सबरजिस्टर म्हणतात आणि दोन्हीकडं सारखेच ताटकळतात. पण सबचा खरा मान सब ज्युडिसला. १९५६ साली राज्यं वेगळी झाली, १९६७ साली सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल आला आणि २००४ साली महाराष्ट्र तो वाद घेऊन सुप्रीम कोर्टात गेला. तेव्हापासून आम्ही न्यायाधीशाच्या खाली आहोत. बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगातला कच्चा कैदी अंडरट्रायल, तसा तुरुंगाबाहेरचा मुलूखही. कैद्याची तारीख असली तर त्याला गाडीतून कोर्टात तरी नेतात. आमची तारीख आम्हांला पेपरात वाचावी लागते. कोर्टाच्या आधी, १९८६च्या सीमा आंदोलनात छगन भुजबळ वेष पालटून बेळगावात शिरले. अंडरकव्हर म्हणावं तर त्याचा एवढा गाजावाजा झाला, की कव्हर कुठलं हेच कळेना.

गेल्या पावसाळ्यात बेळगावात एका बाँडरायटरसमोर बसलो होतो. शेजारी येळ्ळूरकडचे एक आजोबा. टाइपरायटरवर कन्नड कागद चढलेला.

"हे काय लिहूलालास रे?"

"अंडरटेकिंग, आजोबा."

आजोबा चपापले. टेबलाखाली वाकून बघितलं. "खालनं घेतल्याशिवाय होत न्हाई काय? खरं मी काय आणलो न्हाई की."

बाँडरायटर हसून लाल. त्यानं समजावलं, "हमीपत्र हो. मुचलका." वास्तविक मराठीत मुचलका, कन्नडात मुच्चळिके, दोन्ही घरांत एकच शब्द नांदत असताना हा अंडर मध्येच कुठून कडमडला, कुणास ठाऊक.

कागद निघाला. बाँडरायटरनं बोट ठेवलं, "हितं खाली सही करा. अंडरसाइन्ड म्हणजे तुम्हीच."

"परत अंडर?"

आजोबांनी चष्मा पुसला, पेन घेतलं आणि कागदाच्या अगदी वर, सरकारी मोहरेला खेटून, ठसठशीत मराठीत सही ठोकली. बाँडरायटरनं कपाळाला हात लावला. नवा बाँड आणायला आजोबा स्वतःच उठले, आणि जाताना मला म्हणाले, "ह्येच्यापायी शंभर गेले. खरं वर केलो की नाही?"