पायोनियर पूर्वजांवर बोलू काही: होतकरू व्याख्यात्यांसाठी

ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात राहता? खापरपणजोबा कापडी छताच्या बैलगाडीतून आले होते, आणि त्यांच्यावर तुम्ही पदरमोड करून पुस्तकही छापलंय? मग गावच्या ग्रंथालयातलं व्याख्यान काही चुकत नाही. घाबरू नका. श्रोते बहुतेक निवृत्त आणि कॉफी फुकट.

१. आरंभी भूमीच्या मूळ मालकांचं स्मरण करणारा तो परिच्छेद वाचा. घाईत वाचला तरी पुण्य तेवढंच लागतं. एकदा स्मरण केलं की पुढचा तासभर विसरायला हरकत नाही.

२. मग वाट धरा. मिसूरीपासून सुमारे दोन हजार मैल, १८४३ ची हजारभर माणसांची तुकडी, पुढच्या वर्षांतला कॉलरा, मेलेले बैल. बैलांवर रेंगाळा. बैलांबद्दल कुणाचीच तक्रार येत नाही.

३. खोऱ्यात पोहोचल्यावर पूर्वजांना 'रिकामं, सुपीक कुरण' सापडू द्या. इथले मूळ रहिवासी कालापुया लोक मुद्दाम वणवे लावून ते कुरण राखत आणि तिथे कॅमासचे कंद खणत, हा तपशील गाळा. १८३० नंतरच्या हिवतापाच्या साथींत त्यांची बहुतेक माणसं गेली, म्हणून ते इतकं रिकामं दिसत होतं, हे तर नकोच. समोरची मंडळी बिस्किटं खात असतात हो.

४. जमिनीचा विषय नाजूक, तेव्हा नीट ऐका. १८५० च्या डोनेशन लँड कायद्याने आधीच येऊन बसलेल्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर मिळाले, बायको असेल तर तिच्या नावावर आणखी ३२०. कालापुयांशी १८५१ मध्ये केलेले करार सिनेटने मंजूरच केले नाहीत. मंजूर झाला तो १८५५ चा. वरातीमागून घोडं, तेसुद्धा पाच वर्षांनी! म्हणून ही सालं एका स्लाइडवर कधीही आणू नका. मध्ये खापरपणजीचा फोटो टाका. ती गोड दिसते.

५. मूळ रहिवाशांना शेवटची पाच मिनिटं द्या. १८५६ मध्ये त्यांना ग्रँड राँडच्या राखीव जमिनीवर हलवलं, इथे आवाज जड करा आणि थांबा. थांबाच. १९५४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने जमात म्हणून त्यांची मान्यता काढून घेतली आणि १९८३ मध्ये परत दिली, एवढं बोललात तर ते लोक अजून आहेत हे फुटेल. मग कुणीतरी विचारणारच, त्यांच्यापैकी कुणाला का नाही बोलावलं?

६. प्रश्नोत्तरांत पहिला हात अशा गृहस्थांचा निवडा, ज्यांचे पूर्वजही त्याच वाटेने आले. ते प्रश्न विचारत नाहीत, वंशावळ सांगतात. वेळ आपोआप संपते. तरी मागच्या रांगेतून कुणी ग्रँड राँडच्या चाचालू संग्रहालयाचं नाव काढलंच, तर "फार लांब पडतं" म्हणा आणि पुस्तकांवर सह्या करायला बसा. सेलमहून गाडीने तासभरही लागत नाही, पण ते तुम्हाला कुठे माहीत असणार!