‘ओईएम-तुल्य’ माल विकणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
‘ओईएम-तुल्य’ (म्हणजे मूळ उत्पादकाच्या तोडीचे), ‘जर्मन दर्जाचे’ आणि ‘हुबेहूब ओरिजिनल’ सुटे भाग विकणारे तमाम मान्यवर
यांस,



पत्रास कारण की, माझ्या १९८१च्या पोर्शे ९११ एससीचे इंजिन स्टुटगार्टमधल्या एका गॅरेजात सुटे होऊन पडले आहे. ते पुन्हा जोडायला जे जे लागते ते सगळे ‘स्टॉकमध्ये आहे, आजच निघेल’ असे आपले म्हणणे आहे. इतक्या तत्परतेने आमची काळजी वाहणाऱ्यांचे आभार जाहीरच मानायला हवेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपण केवढे समाजकार्य करता, हे आधी इतरेजनांना सांगतो. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि ९०१ची ९११ झाली. इंजिन मागे, सिलिंडर सहा, तीन इकडे नि तीन तिकडे, आडवे. रेडिएटर नाही, पाणी नाही. एक मोठा पंखा हवा फेकतो आणि उरलेली उष्णता दहा लिटरांहून जास्त तेल वाहून नेते. हान्स मेत्सगर या अभियंत्याचे नाव या इंजिनाशी कायमचे जोडले गेले. हवेवर थंड होणारी शेवटची ९११ १९९८ मध्ये कारखान्याबाहेर पडली. म्हणजे नवे इंजिन येणार नाही, जुने मरू द्यायचे नाही, आणि गाडीची किंमत अशी वाढलेली की मालकाला खर्चाला नाही म्हणता येत नाही. दुकानदारासाठी याहून चांगले गिऱ्हाईक ब्रह्मदेवालाही घडवता आले नसते.

आता आपल्या मालाविषयी. सुरुवात हेड स्टडपासून करू. एका सिलिंडरला चार, म्हणजे इंजिनाला चोवीस. क्रँककेस, सिलिंडर आणि हेड यांना एकत्र आवळून धरणारे हे लांब, सडपातळ दांडे. आमच्या मिस्त्रींनी (इथे त्यांना माइस्टर म्हणतात, मान तोच) खालचे व्हॉल्व्ह कव्हर उघडले, तर काळ्या तेलात एक नट निवांत पडलेला. नटात स्टडचा तुकडा तसाच अडकलेला, मोडलेले तोंड खडबडीत, कडेला तांबूस गंज. ‘एक सापडला. बाकीचे तेवीस बघू,’ एवढेच म्हणून माइस्टर कामाला लागले.

या नटामागे मोठा इतिहास आहे. एससीच्या आधीच्या २.७ लिटर इंजिनांचे क्रँककेस मॅग्नेशियमचे होते. तापले की केस आणि सिलिंडर फुगायचे, पोलादी स्टड तेवढा लांबायचा नाही, सगळा ताण आट्यांवर यायचा आणि स्टड आट्यांसकट उपटून यायचा. उपाय म्हणून पोर्शेने दिलावार नावाच्या मिश्रधातूचे स्टड आणले. ते ॲल्युमिनियमच्या बरोबरीने फुगतात. कल्पना उत्तम होती. पण खालच्या बाजूला, एक्झॉस्टच्या शेजारी, त्यांनी रस्त्यावरचे पाणी आणि हिवाळ्यातले मीठ वर्षानुवर्षे झेलले, आणि ते गंजून तुटू लागले. एससीचा क्रँककेस ॲल्युमिनियमचा, म्हणून बरेच जाणकार आता तिथे पुन्हा चांगल्या पोलादाचेच स्टड बसवतात.

या वादात पडण्याची आपल्याला गरज वाटली नाही. आपल्या यादीत फक्त ‘प्रीमियम स्टड संच, वाढीव ताकद’. कशापेक्षा वाढीव? पोलाद कोणते? मी लेखी विचारले. उत्तर आले, ‘सर, या मालाला पाचपैकी पाच तारे आहेत.’ धातुशास्त्राचा हा नवा मापदंड जर्मन अभियंत्यांना कसा सुचला नाही, कोण जाणे.

बेअरिंगची कथा याहून सरस. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाला जी जागा लागते ती मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात. जास्त झाली तर तेलाचा दाब पडतो, कमी झाली तर धातू धातूला घासतो. आपल्या एकाच खोक्यातून निघालेले दोन बेअरिंग शेल माइस्टरांनी मायक्रोमीटरमध्ये आळीपाळीने धरले. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जायची वेळच आली नाही, मतभेद त्याआधीच उघड झाले. खोक्यावर ‘प्रिसिजन’ असे सोनेरी अक्षरांत छापले होते. ती अक्षरे मात्र सगळी एका जाडीची होती, हे आपल्याला न्याय द्यायचा म्हणून नमूद करतो.

सिलिंडर-पिस्टनच्या बाबतीत तर आपली समदृष्टी संतांना लाजवणारी. एससीच्या इंजिनात दोन जातींचे सिलिंडर आढळतात. एक निकासिल, ज्यात ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो. दुसरा अल्युसिल, ज्यात वेगळा थर नाही, ॲल्युमिनियममध्येच सिलिकॉन भरपूर. त्याच्या पिस्टनला लोखंडी मुलामा द्यावा लागतो. व्यास दोन्हींचा ९५ मिलिमीटर, पण अल्युसिलमध्ये बिनमुलाम्याचा पिस्टन घातला तर ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासून दोघांचेही मातेरे होते. आपण लिहिता, ‘९११, ३.० लिटर, पिस्टन ९५ मिमी, सर्वांना चालेल.’ ‘सर्वांना’ म्हणजे बहुधा विकणाऱ्या सर्वांना.

आपले सगळ्यात मोठे योगदान मात्र भागांच्या क्रमांकांबाबत. पोर्शेचा भाग क्रमांक म्हणजे त्या भागाची कुंडलीच. पहिले तीन आकडे सांगतात तो मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला. पुढचे तीन सांगतात तो कोणत्या घरचा. १०१ म्हणजे क्रँककेस, १०३ पिस्टन-सिलिंडर, १०४ हेड, १०५ कॅमशाफ्ट आणि टायमिंग चेन. १९८४च्या ३.२ कॅरेरापासून चेनचे टेन्शनर इंजिनाच्या तेलाच्या दाबावर चालू लागले. त्याआधीचे स्वतःच्या पोटातल्या तेलावर चालत. ते तेल गळाले की चेन सैल पडायची, दाते सुटायचे आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या भेटीला जायचा. म्हणून जुन्या गाड्यांवरही हे नवे टेन्शनर चढवतात, फक्त बऱ्याच जुन्या इंजिनांत चेनचे आर्मही बदलावे लागतात. क्रमांक हाती असला की हे सगळे तपासता येते. आपण तो क्रमांकच काढून टाकलात आणि त्या जागी स्वतःचा घातलात. तपासायला काही उरलेच नाही, म्हणजे तक्रारही उरली नाही.

आणखी एक आठवण, किरकोळ मालाची. क्रँककेसच्या दोन अर्ध्यांमध्ये गॅस्केट नसते, सीलंटचा पातळ थर असतो. दोन्ही अर्धे जोडणाऱ्या लांब बोल्टांवर ओ-रिंगा असतात. तेल परत आणणाऱ्या चार नळ्यांच्या टोकांनाही असतात. एक ओ-रिंग चहाच्या किमतीची. पण आतली एक जरी रिंग कडक होऊन गळू लागली, तर तिच्यापर्यंत पोचायला अख्खे इंजिन गाडीतून उतरवून खोलावे लागते. भागाची किंमत चहाची, मजुरी लग्नाची. हा हिशेब आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच ‘संपूर्ण गॅस्केट संच’ आपण इतका स्वस्त देऊ शकता; मजुरी आपल्या खिशातून जात नाही.

गैरसमज नको. पोर्शेच्या खोक्यातूनच माल घ्यावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. माले पिस्टन आणि सिलिंडर बनवते, ग्लायको बेअरिंग, एलरिंग आणि व्हिक्टर राइन्झ गॅस्केट. यांची नावे जगजाहीर आहेत. कारखान्याला पुरवणाऱ्याचा तोच भाग त्याच्या स्वतःच्या खोक्यातून घेतला, तर पुष्कळदा फरक एवढाच असतो की पोर्शेचा शिक्का घासून काढलेला. तो भाग कोणी बनवला हे कळते आणि पैसेही वाचतात. आपल्या मालाचे वैशिष्ट्य असे की त्याला बापाचे नावच नाही, आणि तरी तो सगळ्या थोर घराण्यांशी नाते सांगतो.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, पण आपली यादी चाळताना मला आठवते ती पुण्याची नाना पेठ. तिथे स्पेअर पार्टच्या दुकानात क्लच प्लेट मागितली, की काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘कंपनीचं देऊ की लोकल?’ लोकल म्हटले की पुढचे वाक्य ठरलेले, ‘लोकलला गॅरंटी नाही बरं का, साहेब.’ झाला व्यवहार. कंपनीचे महाग, लोकल स्वस्त, जबाबदारी कोणाची ते आधीच सांगून मोकळे. तिथे डुप्लिकेट माल डुप्लिकेट म्हणून विकला जातो. ही साधी व्यापारी सचोटी आपल्या चकचकीत खोक्यांत कुठेच सापडली नाही.

तेव्हा विनंती एवढीच. प्रत्येक भागासमोर बनवणाऱ्याचे नाव आणि देश लिहा. मूळ क्रमांक लिहा. स्टड आणि बोल्ट असेल तर पोलाद कोणते ते, बेअरिंग असेल तर जाडी आणि तिच्यातला चालणारा फरक, पिस्टन असेल तर तो कोणत्या सिलिंडरचा. हे लिहिता येत नसेल तर ‘लोकल, गॅरंटी नाही’ एवढे तरी लिहा. आम्ही घेऊही कदाचित. दाराच्या हँडलला किंवा सीटच्या रुळाला चालून जाईल.

माझ्यासारखेच इंजिन उघडून बसलेल्या वाचकांनाही दोन शब्द. जो भाग बिघडल्यावर इंजिन पुन्हा उतरवावे लागेल, त्यात पैसा वाचवू नका. स्टड, रॉडचे बोल्ट, बेअरिंग, टेन्शनर, आतल्या ओ-रिंगा यांना बनवणाऱ्याचे नाव हवेच. बाहेरून पान्याने सुटणाऱ्या भागांत हवी तेवढी काटकसर करा. आणि खोक्यावर काहीही छापलेले असो, भाग बसवण्याआधी स्वतः मोजा किंवा मोजून घ्या.

आपला लोभ आहेच. तो वाढू नये, ही विनंती.

कळावे,
आपला (अजून तरी) ग्राहक