मोगॅम्बोकडे कठडा नाही

कारखान्यात सेफ्टी बघणाऱ्या माणसानं जुने सिनेमे पुन्हा बघू नयेत. शाळेत असताना ‘मिस्टर इंडिया’ पाहिला, तेव्हा मला अनिल कपूरचं ते गायब करणारं घड्याळ हवं होतं. परवाच्या गुरुवारी (आमच्या चाकण-तळेगाव पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो) तळेगावच्या घरी पाय पसरून तोच सिनेमा लावला आणि अनिल कपूरकडे माझं लक्षच जाईना.

खलनायक मोगॅम्बोच्या बेटावरच्या अड्ड्यात आम्लाचं उकळतं कुंड आहे. साहेबांनी हुकूम सोडला की माणसं निष्ठा दाखवायला त्यात उड्या टाकतात. १९८७ साली या प्रसंगानं थिएटर गार पडायचं. मी मात्र सोफ्यावरून ओरडलो, “कठडा कुठाय?” तेव्हा लागू असलेला कारखाना कायदा १९४८, कलम ३३: जमिनीतले खड्डे आणि टाक्या झाकलेल्या हव्यात, नाहीतर भोवती कुंपण हवं. इथं साधी पाटीसुद्धा नाही. गॉगल नाहीत, हातमोजे नाहीत, वाफ ओढून घेणारा पंखा नाही. साहेब आपले लष्करी कोट घालून शेजारीच सिंहासनावर, बोटं वाजवत. ते वटारलेले डोळे मी इतकी वर्षं अभिनय समजत होतो. वाफ लागत असणार.

“अहो, सिनेमा बघा की गप,” बायको म्हणाली.

मुलीची तक्रार वेगळी होती. “बाबा, थर्मल कॅमेऱ्यात दिसला असता ना तो?” तिला म्हटलं, एवढा खर्च कशाला? अदृश्य माणूस लाल उजेडात दिसतो, ही सोय सलीम-जावेदनी करूनच ठेवलीय. म्हणजे लाल काच पुरे. आणि काच म्हटलं की तळेगावकर गप्प बसत नाही. लोकांकडून पैसा-पैसा जमवून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखाना आमच्या गावातला, १९०८ सालचा. क्षेपणास्त्रांवर उधळलेल्या रकमेतून मोगॅम्बोनं पोरांना तांबड्या काचेचे चष्मे वाटले असते, तर खेळ मध्यंतरालाच आटोपला असता. पण पर्चेसवाल्यांना छोट्या ऑर्डरी काढायचा कंटाळा!

मला सगळ्यात जास्त छळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मोगॅम्बो झालेले अमरीश पुरी सिनेमात स्थिरावण्याआधी बरीच वर्षं कर्मचारी राज्य विमा महामंडळात, म्हणजे आपल्या ईएसआयमध्ये नोकरीला होते. कामगाराला अपघात झाला की भरपाई देणारं खातं! दिवसा ती नोकरी आणि संध्याकाळी सत्यदेव दुबेंच्या नाटकाच्या तालमी. अशा माणसाला ते कुंड बघून एकदाही जुनं ऑफिस आठवलं नसेल? आत गेलेल्यांच्या बायका कागद घेऊन कुठल्या खिडकीवर उभ्या राहिल्या असतील? ‘अपघाताचं कारण’ या रकान्यात काय लिहायचं, ‘साहेबांनी सांगितलं म्हणून’? खरं कारण पुष्कळ ठिकाणी तेच असतं, पण कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असंच उमटतं. मोगॅम्बोनं निदान चौकशी समिती नेमली नाही.

शेवटी क्षेपणास्त्रं बेटावरच फुटली आणि सगळा स्टाफ वाट फुटेल तिकडे धावत सुटला. “मॉक ड्रिल झालेलं नाही,” मी म्हणालो. बायकोनं रिमोट काढून घेतला.

“पुढच्या गुरुवारी मी लावणार. ‘शोले’.”

मी मान डोलावली. त्यात धर्मेंद्र पाण्याच्या टाकीवर चढतो. दारू पिऊन. हार्नेसशिवाय.