शेवटचा प्रत्यय

आपल्या विद्यापीठांत मराठी विभाग आणि संगणक विभाग सहसा वेगवेगळ्या इमारतींत असतात आणि दोघांची गाठ पडलीच तर कँटीनमध्ये पडते. मराठीवाल्याला 'डॉट ईएक्सई' हे काय प्रकरण आहे ते ठाऊक नसतं, संगणकवाल्याला विभक्ती म्हणजे घटस्फोटाची पहिली पायरी वाटते. दोघांचंही त्यावाचून अडत नाही. फावतं ते व्हायरसचं. माझं म्हणणं एवढंच, की व्हायरस संगणकात शिरतो तो बहुतेकदा वाचणाऱ्याच्या कच्च्या भाषेतून, आणि म्हणून त्याचा एक तास व्याकरणाच्या मास्तरांनी घ्यावा.

पुरावा म्हणून 4 मे 2000 हा दिवस घ्या. मनिलाच्या एका संगणक महाविद्यालयात शिकलेल्या ओनेल द गुझमान या तरुणाचा 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस त्या दिवशी ई-मेलने जगभर पोहोचला, आणि ब्रिटिश संसदेपासून पेंटागॉनपर्यंत अनेकांना ई-मेल बंद ठेवावे लागले. आतला मजकूर एकाच वाक्याचा, त्याचा आशय असा : माझ्याकडून आलेलं सोबतचं प्रेमपत्र कृपया पाहावं. 'सोबतचं' आणि 'कृपया'! तलाठी कार्यालयातून सातबारा येतो तो या भाषेत. प्रेमपत्र येत नाही. पण साहेबाच्या पत्त्यावरून आलेलं प्रेमपत्रही लोकांनी उघडलं. त्या फाइलच्या नावाला दोन शेपट्या होत्या, आधी 'टीएक्सटी' आणि मग 'व्हीबीएस'. पैकी शेवटची विंडोज आपणहून लपवून ठेवत असे, त्यामुळे दिसायला साधा मजकूर आणि करणीने प्रोग्रॅम. मराठी माणसाला हे समजायला संगणक लागू नये. 'रामाने रावणाला मारले' यातले प्रत्यय झाकले, तर युद्धकांडाचा निकाल कोणालाही फिरवता येतो. शब्द कोण ते सांगतो, काय करणार ते शेवटचा प्रत्यय सांगतो.

यावर संगणकवाले म्हणतील, शुद्धलेखनाचं काय घेऊन बसलात, कोड चालला म्हणजे झालं. त्यांनी बांगलादेश बँकेचं प्रकरण आठवावं. तिथे चोरांचा प्रोग्रॅम शिरला तो नोकरीच्या अर्जाचं सोंग घेऊन. फेब्रुवारी 2016मध्ये त्यांनी या बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून जवळजवळ 1 अब्ज डॉलर काढण्याचे आदेश सोडले. त्यातल्या एका आदेशात 'फाउंडेशन'चं 'फॅन्डेशन' झालं होतं. वाटेतल्या बँकेला शंका आली, तिने विचारणा केली आणि 2 कोटी डॉलर वाचले. एका चुकलेल्या स्पेलिंगची एवढी किंमत कोणत्याही परीक्षकाने लावलेली नाही. (8 कोटी 10 लाख डॉलर मात्र गेलेच, आणि गेले ते मनिलालाच. त्या शहराचा या विषयाशी काही ऋणानुबंध असावा.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता चोरालाही निर्दोष भाषा लिहून देते, मग चुका शोधून काय मिळणार? कबूल. पण भाषा येणं म्हणजे नुसते ऱ्हस्व-दीर्घ नव्हेत. कोण बोलतंय, कोणाशी, आणि त्याला एवढी घाई का, हे ओळखणं हीसुद्धा भाषाच. चार वर्षं 'आणी' लिहिणाऱ्या मित्राकडून अचानक निर्दोष 'आणि' आला, तर लिंकवर बोट ठेवण्याआधी त्याला फोन करावा. कुठलीही बँक ग्राहकाला 'प्रिय' म्हणून लगेच 'आजच खाते बंद होईल' म्हणू लागली, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे, आणि बहुधा दोन्ही.

सध्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येतात, त्यांतल्या काहींच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. म्हणजे ते अ‍ॅप, पत्रिका नव्हे. खऱ्या पत्रिकेत 'श्रीकृपेकरून' असतं, मुहूर्त असतो, आणि तळाशी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली असतात. यातलं काहीच नसेल, तर मुहूर्त टळू द्या, पत्रिका उघडू नका. त्या लग्नातला आहेर तुमच्याच खात्यातून जाणार आहे.